इंजिन बांधलं, सेल्फ फिरते, पांढरा धूर येते, पण गाडी चालू होऊन नाही राहिली (१६१३, सिक्स बीटी)

वाडी_१६१३
नमस्कार मंडळी. वाचतो मी इथं बरेच दिवसांपासून, लिहून पहिल्यांदाच राहिलो, कारण आता डोकं चालेनासं झालं आहे.

गाडी टाटा १६१३, इंजिन कमिन्स सिक्स बीटी टर्बो, डिझेलचा पंप लांबवाला इनलाइन, २४ व्होल्ट. डिसेंबरात अमरावतीकडून माल घेऊन येताना कोंढाळीच्या अलीकडे पाणी उकळलं, मी थांबेपर्यंत उशीर झाला, हेड गॅस्केट गेलं अन् चार नंबरचा पिस्टन धरला. वाडीलाच एका गॅरेजमध्ये इंजिन उतरवलं. या इंजिनला वेगळे लायनर नसते, ब्लॉकलाच बोर असते, म्हणून सहाही बोर करून अर्धा एमएम ओव्हरसाइज पिस्टन टाकले, रिंगा नवीन, मेन आणि बिग एंड बेअरिंग नवीन, हेड फेसिंग केलं, वॉल्व सीट घासल्या. पंप पंपवाल्याकडे बेंचवर लावून आणला, नोझलच्या टिपा बदलल्या. बावीस दिवस गेले अन् खर्च लाखाच्या वर.

आता सोमवारपासून सेल्फ मारून राहिलो. पहिल्या दिवशी सायलेन्सरमधून काहीच नाही, धूरच नाही. मग फिल्टरचा बँजो बोल्ट ढिला करून हँड प्रायमर मारला, एअर निघाली, सहाही नोझलचे पाइप ढिले करून सेल्फ मारला तर सहाही जागी डिझेल आलं. पाइप कसले आणि तेव्हापासून भकाभका पांढरा धूर, डोळे चुरचुरतात इतका, पण एकही सिलिंडर उचलत नाही. कधी कधी एअर फिल्टरच्या पाइपमधून उलटं फुस्स करून धूर बाहेर येते, हे मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

मिस्त्री म्हणते रिंगा नवीन आहेत, कॉम्प्रेशन बसलं नाही, त्यात थंडी, दुसऱ्या गाडीला बांधून ओढा, चालू होते. दुसऱ्या गॅरेजच्या माणसानं येऊन पाहिलं, तो म्हणते हेड पॅकिंग (गॅस्केट) चुकीचं बसलं, हेड उचला. हेड उचलायचं म्हणजे पुन्हा पॅकिंग, पुन्हा मजुरी, पुन्हा चार दिवस. काटोलला मृग बहाराची संत्री तोडणीला आली आहेत, दोन व्यापाऱ्यांना शब्द देऊन बसलो, ते कितीक थांबतील. हप्ता वेगळाच.

ओढू की हेड उचलू? कोणी या इंजिनावर हात घातलेला असेल तर सांगा राजेहो.

सेलू_वर्धा
भाऊ माह्या ट्रॅक्टरले असंच झालतं. सकायी सकायी थंडीत नाई उचलत. एअर फिल्टरच्या पाइपात स्टार्टिंग स्प्रे मारा दोन सेकंद, एकजण सेल्फ मारन, उचलन बघा. नाई तं पेट्रोलचा फडका धरा. एकदा गरम झालं का मंग काई नाई होत.

बेंचवाले_काका
सेलूवाल्या भाऊ, राग मानू नका, पण नवीन बांधलेल्या इंजिनाला स्प्रे किंवा पेट्रोलचा फडका अजिबात लावू नका. ते डिझेलसारखं वेळेवर पेटत नाही, पिस्टन वर येत असतानाच भडकतं आणि नव्या रिंगा, नाहीतर रिंगांच्या मधला पिस्टनचा भाग तुटतो. माझ्याकडे पंप घेऊन आलेल्या माणसांनी अशी तुटलेली पिस्टनं मला दाखवली आहेत. आणि हो, गाडी ओढायचीही नाही. का ते पुढे सांगतो.

मी एकोणतीस वर्षं पंप आणि नोझलचं काम केलं, आता मुलगा बघतो. वाडीवाले भाऊ, तुम्ही जे लिहिलंय त्यात उत्तर जवळजवळ आलेलं आहे, फक्त ओळीनं बघायला हवं.

पहिली गोष्ट धूर. इंजिन फिरतंय आणि धूर अजिबात नाही म्हणजे डिझेल आत जात नाही. तुमचा पहिला दिवस तो होता, एअर होती, काढलीत, झालं. आता पांढरा धूर म्हणजे डिझेल आत जातंय पण जळत नाही, वाफ होऊन तसंच बाहेर पडतंय. डोळे चुरचुरतात म्हणजे ते कच्चं डिझेल आहे. पाण्याची वाफ डोळ्याला लागत नाही आणि तिला वासही नसतो. हेड पॅकिंगमधून पाणी आत आलं असतं तर रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून सेल्फ मारल्यावर पाण्यात बुडबुडे दिसले असते, ते बघा, दोन मिनिटांचं काम आहे. तोवर हेडला हात लावू देऊ नका.

आता डिझेल जळत नाही याची कारणं दोनच, एक तर हवा पुरेशी तापत नाही म्हणजे कॉम्प्रेशन किंवा सेल्फचा वेग कमी, नाहीतर डिझेल चुकीच्या वेळी पडतंय. नागपूरच्या थंडीचं कारण मला पटत नाही. या इंजिनात हवा सतरा पटीच्या आसपास दाबली जाते, ती पाचशे अंशांच्या आसपास तापते, बाहेर दहा अंश असोत की पंचेचाळीस, चांगलं इंजिन उचलतंच. नव्या रिंगांनी कॉम्प्रेशन थोडं कमी असतं हे खरं, पण सहाच्या सहा सिलिंडर एकदम मेले असं होत नाही. एखाद्यात कमी असेल तर सेल्फ मारताना आवाज एकसारखा येत नाही, मध्ये मध्ये हलका पडतो. तुमचा कसा येतो?

आणि ते फुस्स. एअर फिल्टरमधून उलटा धूर येतो म्हणजे इनटेक वॉल्व उघडा असताना आत डिझेल पडतंय. मला जवळपास खात्री वाटतेय की पंप उलटा बसलाय. उलटा म्हणजे १८० अंशांत. तुमचा क्रँक दोन फेरे मारतो तेव्हा कॅम आणि पंप एकच फेरा मारतात. त्यामुळे एक नंबरचा पिस्टन वर दोनदा येतो, एकदा कॉम्प्रेशनला आणि एकदा जळका धूर बाहेर टाकून संपवताना. दोन्ही वेळा पिस्टन सारखाच वर दिसतो. हेड लावलेलं असताना नुसतं पुलीकडे बघून पंप लावला आणि तो दुसरा फेरा निघाला, तर डिझेल बरोब्बर उलट्या वेळी पडणार, दोन्ही वॉल्व थोडे थोडे उघडे असतात तेव्हा.

हे तपासायला काही विकत आणावं लागत नाही.

या इंजिनाला प्रत्येक सिलिंडरचं टॅपेटचं झाकण वेगळं असतं, एकेका बोल्टचं. सगळी काढायची गरज नाही. एक नंबरचं आणि सहा नंबरचं काढा. एक नंबर म्हणजे फॅनकडचा. आता टॉमीनं (लोखंडी दांडीनं) इंजिन हळूहळू फिरवा, सेल्फनं नाही, हातानं. सहा नंबरच्या रॉकरवर, म्हणजे वॉल्व दाबणाऱ्या दांड्यांवर, लक्ष ठेवा. एक क्षण असा येईल की एक रॉकर वर येत असेल आणि त्याच वेळी दुसरा खाली जायला लागेल, दोघं तराजूसारखे झुलतील. तिथे थांबा. त्या वेळी एक नंबरचे दोन्ही रॉकर हातानं खुळखुळ हलले पाहिजेत. हलले म्हणजे एक नंबर कॉम्प्रेशनला वर आहे.

हे पक्कं करायला कंपनीनं एक पिन दिलेली आहे. पंपाच्या खाली, पुढच्या गिअर हाउसिंगच्या मागच्या अंगाला हात घातलात की एक छोटी प्लास्टिकची पिन लागेल. ती दाबून धरा आणि टॉमीनं इंजिन केसभर पुढेमागे करा, ती कॅम गिअरच्या भोकात टचकन आत जाते. ती फक्त एक नंबरच्या कॉम्प्रेशनलाच जाते, दुसऱ्या फेऱ्यात जात नाही, कारण गिअरला भोक एकच आहे. पिन आत असताना इंजिन जोरात फिरवू नका, मोडते, आणि मोडलेला तुकडा आत पडला तर नवीनच उद्योग.

आता पंपाकडे या. पंपाच्या अंगावर एक मोठा प्लग असतो, तो उघडला की आत पंपाची स्वतःची टायमिंग पिन उलटी ठेवलेली मिळते. ती काढून बाजूला ठेवा आणि बॅटरीच्या उजेडात भोकात बघा. पंप बरोबर लागला असेल तर भोकाच्या बरोबर मधोमध एक दात दिसेल. दात थोडा बाजूला दिसला तर टायमिंग थोडं मागेपुढे आहे. दात दिसलाच नाही तर इंजिनची पिन काढून घ्या, इंजिन एक पूर्ण फेरा फिरवा आणि परत बघा. तेव्हा दात समोर आला तर उत्तर मिळालं.

एवढं करून इथे लिहा, पुढचं सांगतो. घाई करू नका.

कापसी_रोड_ताई
काकांनी सांगितलं ते करालच, मी दुसरं सांगते. आमच्या घरच्या दोन गाड्या आहेत, हिशोब आणि गॅरेजची भांडणं दोन्ही माझ्याकडे असतात. भाऊ, तुम्ही मिस्त्रीला सोडून दुसऱ्या गॅरेजला गाडी नेऊ नका आत्ताच. दुसऱ्यानं हात लावला की पहिला हात वर करतो, मग इंजिनात काहीही निघालं तरी म्हणणार आमच्यानंतर त्यानं खोललं होतं. आमचं असं झालंय, एका बेअरिंगपायी दोघांच्या मध्ये आम्ही दोन महिने फिरलो. जे तपासायचं ते त्याच मिस्त्रीसमोर, त्याच्याच अंगणात करा, आणि पिनचा आणि दाताचा फोटो काढून ठेवा, मोबाइलमध्ये तारीख येतेच. शांतपणे म्हणा की एकदा टायमिंग पाहून घेऊ, तुमचं चुकलं असं म्हणत नाही. चांगला मिस्त्री असेल तर तोच पाना घेऊन येईल.

आणि बॅटऱ्या चार्जिंगला टाका. सोमवारपासून सेल्फ मारताय म्हणजे दोन्ही अर्ध्या झाल्या असणार, त्यात सेल्फही जळेल.

बेंचवाले_काका
ताईंचं अगदी बरोबर. सेल्फ एका वेळी तीस सेकंदांच्या वर मारू नका, मध्ये दोन मिनिटं थंड होऊ द्या. आणि मारताना बॅटरीवर मीटर लावा, २४ व्होल्टची जोडी अठरा-एकोणीसच्या खाली पडत असेल तर इंजिन पुरेसं जोरात फिरतच नाही. या इंजिनाला उचलायला मिनिटाला दीडशे फेरे तरी हवेत.

४०७_उमरेड
काका मधेच विचारतो माफ करा, माझी टाटा ४०७ आहे, इंजिन कालच बांधून गाडीत बसवलं, सेल्फ मस्त फिरते पण धूरच नाही, एक थेंब नाही. एअर काढली, फिल्टरपर्यंत डिझेल जोरात येते, नोझलच्या पाइपवर मात्र काही नाही. पंप खोलायचा का?

बेंचवाले_काका
पंप खोलू नका हो लगेच. पंपापर्यंत डिझेल येतंय पण पुढे जात नाही तर आधी स्टॉपचा लिव्हर बघा. इंजिन उतरवताना स्टॉपची केबल काढतात आणि लावताना ती कुठेतरी दबते किंवा ताणून बांधली जाते, मग लिव्हर अर्ध्यावर अडकून राहतो, ड्रायव्हरला आतून वाटतं की बटन पूर्ण दाबलंय. केबल पंपाकडून पूर्ण सोडून द्या, लिव्हर हातानं चालूच्या बाजूला ढकला आणि मग सेल्फ मारा. वायरवाला सोलेनॉइड असेल तर चावी लावल्यावर टक आवाज येतो का ऐका.

४०७_उमरेड
केबलच होती!! एक्झॉस्टच्या पाइपच्या मागून टाकली होती, तिथंच दबली होती. सोडली अन् तिसऱ्या सेल्फला गाडी चालू. तुमच्या पाया पडतो काका.

वाडी_१६१३
काका, ताई, मंडळी, आत्ता साडेनऊ झाले रात्रीचे, गॅरेजमधूनच लिहून राहिलो.

ताई म्हणाल्या तसंच केलं, मिस्त्रीशी चढ्या आवाजात बोललो नाही. सकाळी त्याच्यासोबत तर्री पोहे खाल्ले अन् म्हटलं दादा एकदा टायमिंग पाहून घेऊ, माझ्या मनाचं समाधान. तो म्हणे मी पाहूनच लावलं, पण चला.

पहिले रेडिएटरचं पाहिलं, झाकण उघडं ठेवून सेल्फ मारला, एकही बुडबुडा नाही, पाणी शांत. सेल्फचा आवाजही एकसारखा येते, धप धप धप, कुठं हलका पडत नाही. हेडचा विषय मिस्त्रीनंच सोडून दिला.

मग एक नंबरचं अन् सहा नंबरचं झाकण काढलं. टॉमी लावून मी फिरवत होतो अन् तो रॉकरवर बोट ठेवून उभा. सहा नंबर झुलला, तराजूसारखाच झुलला, तुम्ही लिहिलं तसा. एक नंबरचे दोन्ही रॉकर खुळखुळ. पिन शोधायला पंधरा मिनिट गेले, पंपाच्या खाली हात जात नाही, कोपर सोलून निघालं, पण ती मिळाली अन् टचकन आत गेली. तो आवाज ऐकून मिस्त्री म्हणे ही पिन मी कधी वापरलीच नाही, पुलीवरूनच लावतो.

पंपाचा प्लग उघडला. मी बॅटरी धरली. भोकात नुसतं तेल अन् मागं लोखंडाचा गुळगुळीत गोल भाग चमकत होता, दात कुठंच नाही. मिस्त्री म्हणे दिसत नाही तुमच्या बॅटरीत. मग इंजिनची पिन काढली अन् एक पूर्ण फेरा मारला, शेवटचा पाव फेरा एकदम हळू. भोकाच्या काठावरून आधी एक कड दिसली, मग तो दात सरकत सरकत आला अन् मधोमध थांबला. दोघंही काही बोललो नाही थोडा वेळ. मिस्त्रीनं हात पुसले अन् म्हणाला भाऊ माझीच चूक आहे, मजुरी लावत नाही याची. मला बरं वाटलं, खरंच. बावीस दिवस त्यानंही रात्री बसून काम केलं आहे.

आता पुढचं सांगा. पंप पूर्ण उतरवायचा का? त्याला पंप उतरवायचा म्हणजे सगळे पाइप, ब्रॅकेट, अर्धा दिवस.

सेलू_वर्धा
काका तुमचं खरं निंगालं. स्प्रेचं मी चुकीचं सांगतलं होतं, मले कोणी आधी सांगतलंच नाई असं. माह्या ट्रॅक्टरले आता धूर मारते थोडा अन् तेल खाते, त्याचंच असन काय?

बेंचवाले_काका
सेलूवाले भाऊ, तेल खात असेल तर रिंगा बघाव्या लागतील, पण ते वेगळं लिहा, इथे मिसळायला नको.

वाडीवाले भाऊ, पंप उतरवायची गरज नाही. तुमच्या पंपाच्या शाफ्टला चावी (गिअर जागेवर धरणारी लोखंडी पट्टी) नसणार, गिअर नुसता टेपरवर, म्हणजे शाफ्टच्या निमुळत्या टोकावर, घट्ट बसवलेला असतो. म्हणजे पंप जागेवर ठेवून फक्त गिअर सुटा करायचा, इंजिन एक फेरा फिरवायचं आणि गिअर परत घट्ट करायचा.

आत्ता दात समोर आहे ना? तसंच असू द्या. पंपाची पिन उलटी फिरवून त्या दातावर बसवा आणि प्लग हातानं लावा, पंप लॉक झाला. आता फॅन काढा, पुढच्या गिअर कव्हरवर पंपाच्या समोर गोल झाकण आहे ते उघडा, आत गिअरचा नट आणि वायसर दिसेल. नट काढताना खाली फडका कोंबून ठेवा, वायसर आत कव्हरमध्ये पडला तर पूर्ण कव्हर काढावं लागतं. गिअरला पुलर लावायला दोन आटे दिलेले असतात. पुलर कसत गेलात की एक मोठा टक्क आवाज होऊन गिअर टेपरवरून सुटेल, घाबरू नका. हातोडा मारायचा नाही, पंपाच्या आत तो धक्का जातो.

गिअर सुटल्यावर इंजिन टॉमीनं एक पूर्ण फेरा पुढे न्या, सहा नंबर परत झुलेल आणि इंजिनची पिन टचकन जाईल. पंप तसाच लॉक आहे. आता दोन्हीची गाठ पडली.

आता या कामातलं सगळ्यात महत्त्वाचं सांगतो, याच्यासाठी माणसं माझ्याकडे दोन-दोनदा परत आली आहेत. गिअरचा आतला टेपर आणि शाफ्टचा टेपर दोन्ही एकदम कोरडे पाहिजेत. पेट्रोलच्या फडक्यानं पुसा, मग कोरड्या फडक्यानं, मग परत बोट फिरवून बघा. तेलाचा पातळ हात जरी राहिला तरी नट कितीही कसा, गिअर टेपरवर सरकतो. आज गाडी चालू होईल आणि दोन ट्रिपनंतर लोड घेणार नाही, मग पांढरा धूर परत. नट आधी हलका कसा, दोन्ही पिना बाहेर काढा आणि मगच टॉर्क पान्यानं पुस्तकातल्या मापावर कसा. पिना आत ठेवून कसलं तर पिन जाते, शिवाय टायमिंग केसभर हलतं. कसून झाल्यावर परत एक नंबर वर आणून दात मधे येतो का बघा. पंपाची पिन उलटी करून जागेवर ठेवून द्या.

टॅपेटची दोन झाकणं उघडीच आहेत तर सगळी सहा उघडून टॅपेटची फट एकदा बघून घ्या, थंड इंजिनावर इनटेक ०.२५ आणि एक्झॉस्ट ०.५० एमएम. एक नंबर कॉम्प्रेशनला वर असताना एकचे दोन्ही, दोनचा इनटेक, तीनचा एक्झॉस्ट, चारचा इनटेक, पाचचा एक्झॉस्ट. एक फेरा फिरवा आणि उरलेले. फायरिंग १-५-३-६-२-४ आहे, नोझलचे पाइप आपल्या वाकानंच जागेवर बसतात म्हणून तिथे सहसा चूक होत नाही. नोझल बदलताना हेडमध्ये जुना तांब्याचा वायसर चिकटून राहिला आणि त्यावर नवा टाकला असं झालं का एवढं मिस्त्रीला विचारा. दोन वायसर झाले की नोझल वर राहते.

आता चालू करायच्या आधी दोन गोष्टी. डिपस्टिक काढा आणि वास घ्या. आठवडाभर कच्चं डिझेल आत पडलंय, ते भिंतीवरून उतरून तेलात मिसळलं असणार. लेव्हल वाढली असेल किंवा डिझेलचा वास येत असेल तर तेल आणि फिल्टर बदलाच, पैसे वाचवू नका, नवीन बेअरिंग आहेत. ओढू नका म्हटलं होतं ते यासाठीही, डिझेलनं पातळ झालेल्या तेलावर नवं इंजिन गिअरमध्ये ओढून फिरवलं तर बेअरिंगची वाट लागते. शिवाय उलट्या टायमिंगवर ते ओढून चालू झालंच नसतं. टर्बोच्या तेलाच्या पाइपमधून थोडं स्वच्छ तेल ओता.

दुसरं, पंप खोलून लावलेला आहे म्हणून एअर फिल्टरचा पाइप सोडून ठेवा आणि एक सपाट लाकडी फळी हाताशी ठेवा. पंपाचा रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी दांडी) अडकला आणि इंजिन सुसाट सुटलं तर चावी बंद करून थांबत नाही, तोंडावर फळी दाबावी लागते, हात नाही, फळी. आणि सायलेन्सरच्या मागे कोणी उभं राहू नका, आत कच्चं डिझेल साचलंय.

कापसी_रोड_ताई
काकांचं मी सगळं लिहून घेतलं वहीत. भाऊ, तेलाचे पैसे मात्र मिस्त्रीकडून मागा, मजुरी सोडली तरी तेल त्याच्या चुकीमुळे गेलं. भांडून नाही, अर्धे अर्धे म्हणा, देईल.

वाडी_१६१३
चालू झाली.

तेल काढलं तर खरंच काळं पाणी होतं, डिपस्टिकवर मापाच्या बोटभर वर आलं होतं, बोटात धरलं तर तेलासारखा चिकटपणाच नाही. ते बदललं, फिल्टर बदलला, मिस्त्रीनं न मागता अर्धे दिले, ताई.

गिअर काढताना तो टक्क आवाज झाला अन् पोरगा दचकून मागं सरकला. टेपर मी स्वतः पुसला, तीनदा, शेवटच्या फडक्यावर डाग येईना तोपर्यंत. वायसर एक नंबरच्या नोझलखाली दोन निघाले, जुना हेडमध्ये चिकटूनच होता, बाकी पाच ठीक. टॅपेट चारचा एक्झॉस्ट जास्त टाइट होता, लावला.

दोन्ही बॅटऱ्या रात्रभर चार्जिंगला होत्या. पोरगा फळी घेऊन एअर पाइपजवळ उभा, मी आत, मिस्त्री पंपाच्या लिव्हरवर. पहिल्या सेल्फला नुसता धूर, मी लगेच सोडला. दोन मिनिट थांबलो. दुसऱ्याला दोन-तीन फेरे झाले असतील, आधी एक सिलिंडर उचलला, मग दोन, मग सगळे एकदम. अंगण पांढरं झालं धुरानं, शेजारचे लोक बाहेर आले, पण अर्ध्या मिनिटात साफ होत गेला. ऑइल प्रेशरचा काटा लगेच वर आला, पाणी कुठं टपकत नाही. माझा म्हातारा बाप समोरच्या ओट्यावर बसून होता चार दिवसांपासून, काही बोलला नाही, उठून गाडीला हात लावून गेला.

आता एवढं सांगा काका, रिंगा बसायला चार-पाच तास जागेवरच चालू ठेवायची म्हणते मिस्त्री. ठेवू का? परवा काटोलला गाडी लावायची आहे.

बेंचवाले_काका
अभिनंदन भाऊ. वडिलांना नमस्कार सांगा.

जागेवर तासन्‌तास नुसती फडफडत ठेवू नका. रिंगा बसतात त्या लोडवर, मागे वायूचा दाब पडला की रिंग भिंतीला घट्ट लागते. नुसत्या आयडलवर बोर काचेसारखा गुळगुळीत होतो आणि मग ते इंजिन आयुष्यभर तेल खातं. पंधरा-वीस मिनिटं चालवून पाणी तेल बघा, गळती बघा, मग थंड होऊ द्या आणि टॅपेट परत तपासा. उद्या रिकामी नको, अर्धा लोड घालून रिंग रोडला किंवा बुटीबोरीपर्यंत जाऊन या, वेग सतत बदलता ठेवा, पाय पूर्ण दाबायचा नाही आणि वरच्या गिअरमध्ये घुसमटवायचीही नाही. पाण्याच्या काट्यावर नजर ठेवा, मूळ दुखणं उकळण्याचंच होतं. रेडिएटर आणि थर्मोस्टॅट या बावीस दिवसांत कोणी पाहिलं का? नसेल तर काटोलला जाण्याआधी ते बघा.

वाडी_१६१३
रेडिएटर कोणीच पाहिला नाही काका. सकाळी आधी तोच उतरवतो.

वाडी_१६१३
रेडिएटर धुवायला दिला तर खालच्या भागातल्या नळ्या गाळानं बुजल्या होत्या, रॉडिंग करून (नळ्यांत सळई घालून गाळ काढून) घेतलं, थर्मोस्टॅट गरम पाण्याच्या पातेल्यात टाकून पाहिला, उघडतच नव्हता, नवीन टाकला. बुटीबोरीला वीट भरून जाऊन आलो, काटा मधोमध, धूर नाही. काटोलला रात्री गाडी लावली, आत्ता कॅरेट चढून राहिले आहेत.